दगडातलं पान

कोळसा जळतो आणि दगड जळत नाही, हे रीथाला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचा बाप खाणीत, आजा खाणीत, दोन्ही भाऊ खाणीत. तरी एका संध्याकाळी रागाच्या भरात तिनं नवऱ्यानं आणलेली दगडाची चीप उचलली आणि सरळ चुलीत घातली. वर झाकणही लावलं. थोड्या वेळानं आत असा बार झाला की झाकण उडालं, घेवड्याचं पातेलं कलंडलं, आणि शेजारची आइसीमावशी पिठानं भरलेल्या हातांनी धावत आली. तिला वाटलं, आता घर पेटलं.

डेन्झिल, म्हणजे रीथाचा नवरा, दारात बसून बूट काढत होता. तो एवढंच म्हणाला, "अगं, चुलीत घाल असं नुसतं म्हणायचं असतं."

मावशी हसून हसून खाली बसली. रीथाला काही हसू आलं नाही. रात्रीचं जेवण गेलं होतं, चुलीची जाळी वाकली होती, आणि हा माणूस राखेतून चिपेचे तुकडे वेचत बसला होता.

त्याचं वेडच तसं होतं. स्लेट फोर्कच्या खाणीत कोळशाच्या थरावर जो काळा दगड आहे, त्यात पानं आहेत. पानं कसली, पानांचे ठसे. नेच्याची लांबच लांब पानं, शीर न् शीर दिसावी अशी. बाकीचे गडी छताकडे बघायचे ते छत आज पडतंय की उद्या, एवढं बघायला. डेन्झिलही त्याचसाठी बघायचा, पण बघता बघता त्याची नजर पानांवर अडकायची. घरी येऊन तो बायकोला सांगायचा, की हा कोळसा आणि ही पानं एकाच रानातली आहेत. जे रान दाटीनं दडपलं गेलं त्याचा कोळसा झाला, आणि जे पान चिखलात एकटं पडलं ते असं राहिलं. रीथा म्हणायची, राहिलं तर राहू दे, माझ्या खिडकीत कशाला राहतंय?

आइसीमावशीचा नवरा ओकी हा डेन्झिलचा जोडीदार. साठीला टेकलेला, छातीत कोळशाची धूळ भरलेली, पण जीभ शाबूत. दोघं एकाच ठिकाणी खणायचे, एकाच गाडीत भरायचे. त्या छतात कधी कधी अख्ख्या झाडाचा बुंधा दगड होऊन बसलेला असतो. खालून नुसतं गोल दिसतं, म्हणून त्याला किटलीचं बूड म्हणतात. तो कधी सुटेल याचा नेम नसतो, आणि सुटताना आवाजही करत नाही. ओकी म्हणायचा, "एकाच रानाच्या तीन वाटण्या झाल्या बघ. जळतं ते कंपनीचं, जळत नाही ते डेन्झिलचं, आणि डोक्यात पडतं ते ज्याच्या नशिबात असेल त्याचं."

आता डब्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या डब्यावरच आहे. खाणीतल्या माणसाचा डबा दोन मजली. खाली पाणी, वर जाळीवजा ताटलीत मक्याचा पाव, घेवडा, डुकराच्या चरबीत तळलेली सफरचंदाची करंजी. वरचं खायचं, पण शेवटचा घास ठेवायचा. तो बापाच्या डब्यातून येतो म्हणून पोरं त्यावर जीव टाकतात. घरात तीच करंजी ताटभर असली तरी तिला विचारत नाहीत. आणि खालचं पाणी प्यायचं, पण ओतायचं नाही. बुडाला उरलेलं पाणी दिवसाच्या उजेडात पाऊल ठेवेपर्यंत डब्यातच राहायला हवं. छत पडलं आणि आत अडकलात तर तेवढाच आधार. खाणीत पाझरणारं पाणी लाल, गंधकाचं. ते पोटात गेलं की आतडी पिळवटतात. म्हणून पाळी सुटली की गडी बाहेर येऊन खाणीच्या तोंडाशी डबे उपडे करायचे, आणि तिथली जमीन ऐन उन्हाळ्यातही चिखलाची असायची. हा काही कंपनीचा नियम नव्हता. बापानं पोराला सांगितलेली गोष्ट होती, आणि ती मोडणाऱ्याशी कुणी जोडी लावत नसे.

डेन्झिल आपल्या चिपा वरच्या ताटलीतून आणायचा, शेवटच्या घासाच्या जागी. एकदा त्यांच्या धाकट्या पोरानं मोठ्या आशेनं झाकण उघडलं आणि आत दगड निघाला. पोरगं असं रडलं की रीथानं त्याच दिवशी फर्मान काढलं: या घरात आता एकतर दगड राहतील नाहीतर मी राहीन. डेन्झिलनं निमूटपणे खिडकीतले सगळे दगड ओढ्यात नेऊन टाकले. त्यानंतर त्याच्या डब्यातून फक्त करंजी आली.

त्या हिवाळ्यात त्यांची तान्ही लेक ऑपल गेली. डांग्या खोकला. बसायलाही लागली नव्हती. ती मावशीच्याच हातावर जन्मली होती, कंपनीच्या या वसाहतीतली निम्मी पोरं मावशीच्याच हातावर आली. आणि मावशीनंच तिला शेवटची आंघोळ घालून पांढऱ्या झबल्यात निजवलं. रीथाला तेव्हा उठून उभंही राहता येत नव्हतं. टेकडीवर एवढीशी कबर झाली, वर लाकडाची फळी. दगड घडवून घेण्याइतका पैसा कुणाकडे होता?

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी अख्खी वसाहत टेकडीवर जाते. कबरी झाडायच्या, तण काढायचं, फुलं वाहायची, मग तिथंच गवतावर चादरी पसरून जेवायचं. फुलं कागदाची. बायका एप्रिलपासून बसून ती करतात आणि टिकावीत म्हणून मेणात बुडवतात. ऑपलचा तो पहिलाच रविवार. मावशीच्या टेबलाशी बसून रीथा गुलाबी कागद कातरत होती, आणि कातरता कातरता तिचे हात थांबले. मावशीनं विचारलं, काय झालं. रीथा म्हणाली, मेण लावलं तरी एक पाऊस पडला की रंग वाहून जातो. मागच्या वर्षीची फुलं बघितलीस ना? कबरीवर नुसते चोळामोळा झालेले बोळे. माझ्या पोरीवर ते नको.

त्या रात्री तिनं जेवण वाढता वाढता नवऱ्याला विचारलं, की ती पानं अजून दिसतात का रे वर?

डेन्झिलनं चमचा खाली ठेवला.

"दिसतात."

"एक आणशील? ऑपलसाठी. ते कोमेजत नाही ना?"

त्याचा चेहरा असा उजळला की रीथाला स्वतःचीच शरम वाटली. काय नेलं होतं या दगडांनी आपलं, की बिचाऱ्याला इतके दिवस गप्प बसवलं? तो सांगू लागला, आम्ही जिथं खणतो तिथंच एक आहे, अख्खं पान, देठापासून टोकापर्यंत. मी रोज बघतो त्याच्याकडे. काढलं नाही, कारण तू नको म्हणाली होतीस. बारकीही आहेत दोन-तीन.

"बारकं नको," रीथा म्हणाली. "मोठं आण."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायला थोडाच वेळ राहिला असताना खाणीत छत खाली आलं. आधी किटलीचं एक बूड सुटलं, आणि त्याच्यामागून येण्याजाण्याची वाटच बसली. बाकीचे गडी बाहेर निघाले. ओकी आणि डेन्झिल पलीकडे राहिले.

भोंगा झाला आणि सगळ्या बायका खाणीच्या तोंडाशी जमल्या. या गोष्टीचं वर्णन करू नये. ज्यांनी ते बघितलंय त्यांना नको असतं आणि ज्यांनी नाही त्यांना कळत नाही. रीथा आणि मावशी एकाच घोंगडीत बसून राहिल्या. कुणी कॉफी आणून दिली तर प्यायच्या, नाही दिली तर बसून राहायच्या. आतून कोळसा येत नव्हता, दगड येत होता, गाड्याच्या गाड्या. मावशी रीथाची पाठ चोळत पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, की ओकी आहे त्याच्याबरोबर, तो घाबरू देणार नाही त्याला. आणि पाणी आहे दोघांकडे. मी काठोकाठ भरून दिलंय. तू?

"मीही," रीथा म्हणाली.

आणि ते खरंच होतं. तिनं काठोकाठच भरलं होतं.

पाचव्या दिवशी माणसं आत पोचली. डेन्झिल जिवंत होता. ओकी एक दिवस आधी गेला होता. रीथानं डेन्झिलला स्ट्रेचरवर बघितलं आणि ती ओरडली, आनंदानं. तो आवाज तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आपण मावशीच्या कानाशी ओरडलो. मावशीनं घोंगडी रीथाच्या खांद्यावर नीट केली आणि आपल्या माणसाकडे गेली.

डेन्झिलला बोलता येऊ लागलं त्या रात्री त्यानं बायकोला सांगितलं. दगड वरच्या ताटलीत मावेना. हातात धरून आणला तर गाडीच्या धक्क्यांनी तडकला असता. सुट्टी व्हायला कितीसा वेळ होता? त्यानं खालचं पाणी ओतलं आणि दगड तिथं ठेवला. अगदी बेतून केल्यासारखा बसला. ओकीनं बघितलं. रागावला नाही, मान हलवून म्हणाला, तुझ्या बायकोनं चुलीत घातलं होतं तेच बरं होतं. आणि मग वरून आलं.

"पाणी एकट्या ओकीचं होतं," डेन्झिल म्हणाला. "अंधारात एकदा तो, एकदा मी. तो डबा तोंडाला लावायचा, मला गिळल्याचा आवाज यायचा. रीथा, तो पीत नव्हता. नुसता आवाज काढत होता. शेवटी शेवटी माझ्या लक्षात आलं, आणि तेव्हाही मी प्यायलो."

रीथानं त्याचं तोंड हातानं दाबलं. मुलं शेजारच्या खोलीत होती.

तो म्हणाला, मला उठता आलं की मी मावशीला सांगणार. रीथा म्हणाली, तू नाही. दगड मी मागितला, मोठा आण मी म्हणाले. तेव्हा सांगीन मी. बाईनं बाईला सांगितलेलं बरं. पण आज नको. उद्या तर ओकीला पुरायचंय. जरा सावरू दे तिला.

बोलायला हे किती समंजस वाटतं! माणूस स्वतःला फसवतो तेव्हा नेहमी दुसऱ्याच्याच भल्याचं बोलत असतो. रीथाच्या पोटात खरी भीती वेगळीच होती. पाणी ओतलं ही गोष्ट बाहेर गेली की डेन्झिलबरोबर जोडीला कोण उभं राहणार? जोडीदार नाही तर काम नाही, काम नाही तर घर नाही. आणि त्याहून मोठी भीती मावशीची. आई गेल्यापासून रीथाला माहेर म्हणून जे काही होतं ते त्या भिंतीपलीकडे होतं. ते दार बंद झालं तर ती कुणाकडे जाणार होती?

ओकीला पुरलं. कंपनीनं निरोप पाठवला, की महिनाअखेर घर रिकामं करावं. खाणीत माणूस नाही त्या घराला कंपनीचं छप्पर नाही. मावशी ओहायोला भावाकडे जायचं म्हणू लागली. रीथा रोज तिच्याकडे जायची. सूप न्यायची, पाव न्यायची, तिचे कपडे आपल्याबरोबर धुवायची, तिच्या चुलीतली राख काढायची. वसाहतीतल्या बायका म्हणाल्या, पोटची लेक करणार नाही एवढं करते ही. रीथाला ते ऐकवत नसे.

मावशी तिला बसवायची. दोन कप मांडायची. रीथाला वाटायचं, आता सांगावं. तेवढ्यात मावशी ओकीचा शर्ट घडी घालायला घ्यायची, की रीथा उठून कप विसळायला घ्यायची. एकदा मावशीनं कॉफी ओतता ओतता अगदी सहज विचारलं, डेन्झिल काही बोलतो का गं आतलं? रीथा म्हणाली, काही नाही, त्याला आठवतच नाही फारसं. आणखी एकदा, दारापर्यंत सोडायला आली तेव्हा मावशीनं तिचा हात धरला.

"पोरी, मनात काही आहे का तुझ्या?"

"नाही गं. झोप नाही धड, एवढंच."

"बरं," मावशी म्हणाली, आणि हात सोडला.

घरी डेन्झिल रोज संध्याकाळी विचारायचा, सांगितलंस? ती म्हणायची, उद्या. मग एके दिवशी त्यानं विचारायचं सोडलं. तो ओसरीत बसून राहायचा, मुलांशीही फार बोलायचा नाही. तो दगड डब्यातून घरी आला होता, पायरीखाली पडून होता. डेन्झिल त्याच्याकडे बघायचा नाही. ज्या माणसानं राखेतून तुकडे वेचले होते, तो आता त्या पायरीवरून चढताना मान फिरवायचा. रीथाला ते बघून रडू यायचं, पण सांगायचा धीर काही यायचा नाही. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट अवघड. आता कुठल्या तोंडानं सांगणार? काल का नाही सांगितलंस, याचंही उत्तर द्यावं लागणार. असं करता करता महिना संपत आला.

शेवटचा रविवार आला. ऊन छान होतं. अख्खी वसाहत टेकडी चढली. डेन्झिलला चढण झेपेना. तो मुलांना घेऊन खालच्या फाटकाशीच बसला. रीथानं दगड फडक्यात बांधून आणला होता. खूप विचार केला होता तिनं. टाकून दिला तर ओकी फुकट गेला. ठेवला तर निदान ज्यासाठी आणला त्यासाठी लागला. मनाची अशी समजूत घालून तिनं तो ऑपलच्या कबरीवर मांडला, फडक्यानं पुसला, आणि पहिल्यांदा नीट बघितला. डेन्झिल म्हणत होता ते खोटं नव्हतं. अख्खं पान होतं, देठापासून टोकापर्यंत. काळ्यावर काळं, तरी शीर न् शीर वेगळी. इतकं सुंदर काही तिच्या मुलीसाठी कुणी आणलं नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. एकजण म्हणाली, आमच्या माणसालाही सांगते आणायला.

मावशी आली तेव्हा जेवणं मांडायला सुरुवात झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जाणार होती. भावाची गाडी आदल्या संध्याकाळीच येऊन थांबली होती. ती ऑपलच्या कबरीशी उभी राहिली. वाकली. बोटानं त्या पानावरून देठापासून टोकापर्यंत रेघ ओढली.

रीथानं मनाशी ठरवलं, आता. आता नाही तर कधीच नाही. तिनं तोंड उघडलं.

"मावशी, मला तुला एक—"

"राहू दे," मावशी म्हणाली. "हा दगड इथला नाही, पोरी. हा ओकीचा आहे."

रीथाला काही कळेना, किंवा सगळंच कळलं. मावशी शांतपणे बोलत होती, आजूबाजूच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात. सोडवायला गेलेल्या पोरांनी दोन्ही डबे तिच्याच दाराशी आणून ठेवले होते. ओकीच्या डब्यात टिपूसभर पाणी नव्हतं. दुसऱ्याच्या बुडाला हा होता. चाळीस वर्षं खाणवाल्याचा डबा भरणाऱ्या बाईला आणखी काय सांगावं लागतं? तिनं डबा धुतला, दगड होता तसा परत आत ठेवला आणि रीथाच्या ओसरीत नेऊन ठेवला.

"तुला पहिल्यापासून ठाऊक होतं?" रीथानं विचारलं.

"पुरायच्या आदल्या रात्रीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलायचं होतं का?" मावशी म्हणाली. "पाण्याचा राग नाही मला. पाणी ओकीचं होतं, त्याला द्यावंसं वाटलं, त्यानं दिलं. न देता बाहेर आला असता तर मीच त्याला घरात घेतला नसता. दगडाचाही नाही. कशासाठी मागितलास, ते मला कळत नव्हतं का? मी तुझ्या समोरच बसले होते, कागद कातरत. मी रोज दोन कप मांडले. तुला विचारलंसुद्धा. दोनदा विचारलं. तू माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवशी सूप घेऊन आलीस. तुझं सूप मी खाली ओढ्यात ओतत होते, रीथा. माझ्या घशाखाली उतरत नव्हतं."

रीथा रडू लागली. मावशीनं तिला जवळ घेतलं नाही. एरवी कुणाचंही पोर रडलं तर तिचे हात आपोआप पुढे व्हायचे.

"पहिल्या दिवशी आली असतीस," मावशी म्हणाली, "तर मीच म्हटलं असतं, राहू दे पोरीला. माझ्या हातावर आली ती, माझ्या हातातून गेली. तिच्याशी कसला हिशेब? पण आता नाही. ओकीनं त्याचं मोल भरलंय, आणि तुम्ही ते लपवलंत. उचल आता. मला वाकवत नाही फार."

रीथानं दगड उचलला. जड होता, तिला तोवर जाणवलं नव्हतं. ओकीची कबर वरच्या ओळीत, माती अजून बसली नव्हती. चादरींवर जेवणं सुरू झाली होती, कुणी हाक मारली की या जेवायला, मावशीनं हात हलवून येते म्हटलं. दगड कुठे ठेवायचा ते तिनं बोटानं दाखवलं. रीथानं ठेवला. मावशी म्हणाली, थोडा सरळ कर. रीथानं सरळ केला. मग मावशी तिच्याकडे न बघता खाली जेवायला गेली आणि दुसऱ्या बायकांमध्ये जाऊन बसली. कुणाला काही कळलं नाही. मावशीनं कुणाला सांगितलंही नाही, तेव्हाही आणि नंतरही. डेन्झिलला बरा झाल्यावर जोडीदार मिळाला आणि तो पुन्हा आत जाऊ लागला. रीथाला ज्या गोष्टीची भीती होती त्यातलं काहीच झालं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी मावशीची गाडी गेली तेव्हा मावशी शेजारच्या ओसरीकडे वळून बघायला थांबली नाही.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या दुपारी रीथा रिकाम्या हातांनी टेकडी उतरून फाटकाशी आली. मुलं गवतात पळत होती. डेन्झिलनं तिचं तोंड बघितलं, रडून सुजलेले डोळे बघितले, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात जीव आला.

"सांगितलंस?"

"तिला ठाऊक होतं," रीथा म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

डेन्झिलनं खांबाला धरून स्वतःला उभं केलं. मुलांना हाक मारली. फाटकाची कडी काढता काढता तो म्हणाला,

"म्हणजे नाही सांगितलंस."